सावली, पाणी आणि उभं राहण्यापुरती जागा

उन्हाळा लागला की पुनावळ्यातली माणसं दिवसाच्या दोन टोकांना भेटतात. पहाटे साडेपाचपासून ऊन चढेपर्यंत, आणि संध्याकाळी सहानंतर पार रात्री अकरापर्यंत. एरवी फक्त लिफ्टमध्ये दिसणारे शेजारी एप्रिलमध्ये कलिंगडाच्या ढिगापाशी, रसवंतीच्या बाकावर, सोसायटीच्या फाटकाबाहेर बोलत उभे राहिलेले दिसतात. पावसाळ्यात उभं राहायला कोरडी जागा नसते, थंडीत सगळे लवकर दारं लावतात. उन्हाळ्यात घराच्या भिंतीच इतक्या तापतात की माणूस आपोआप खाली उतरतो.

या भेटींना आपण किरकोळ समजतो. मला वाटतं, नव्या वस्तीत ओळखी रुजवण्याचं मोठं काम हाच ऋतू करतो. आणि त्यासाठी त्याला तीनच गोष्टी लागतात: सावली, पाणी आणि उभं राहण्यापुरती जागा. जुन्या गावात त्या आपसूक होत्या. नव्या उपनगरात त्या मागून घ्याव्या लागणार आहेत.

शहराच्या पश्चिम कडेला

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तोवर ते शेतीचं गाव होतं. एका अंगाला पवना नदी आणि पलीकडे रावेत, दुसऱ्या अंगाला ताथवडे, मारुंजी आणि जांबे. मधून जाणारा देहूरोड-कात्रज बाह्यवळण महामार्ग आज गावाचे दोन भाग करतो आणि अंडरपासमधून पलीकडे जाणं हा इथल्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे.

शहर त्याआधीच वाढत होतं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसीमुळे कारखानदारी पसरली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढे हिंजवडीत आयटी पार्क उभा राहिला आणि त्याच्या शेजारच्या गावांत टॉवर उगवू लागले. कोयते वस्ती, काटे वस्ती ही नावं आता बसथांब्यांसारखी वापरली जातात. पण ती मूळची मळ्यांत राहणाऱ्या भावकीची नावं आहेत. त्याच पत्त्यांवर आज जळगावचं, अमरावतीचं, लातूरचं, पाटण्याचं आणि कोचीचं कुटुंब राहतं. सगळ्यांना एकत्र आणणारी भाषा, सण किंवा नोकरी नाही. उकाडा मात्र सगळ्यांना सारखाच आहे.

वाऱ्याची वेळ

पुणे परिसराच्या उन्हाळ्याचा एक स्वभाव आहे. एप्रिलमध्ये पुण्याचं सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं आणि किमान २० ते २१. म्हणजे दुपार आणि पहाट यांत सतराएक अंशांचा फरक. मुंबईत तो जेमतेम आठ-नऊ अंशांचा असतो. कारण हवेचा कोरडेपणा. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या पठारावर हवेत बाष्प कमी असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे पटकन सोडून देते. संध्याकाळी घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि पुनावळं शहराच्या पश्चिम कडेला असल्यामुळे तो इथे आधी लागतो. सहा-साडेसहाला पोरं सायकली काढतात, आजोबा बाकावर येऊन बसतात, तेव्हा ते या वाऱ्याचंच वेळापत्रक पाळत असतात.

हवामानखात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं; शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथल्या जुन्या नोंदींत ३० एप्रिल १८९७ चं ४३.३ अंश तापमान आहे. म्हणजे कडक दुपारी काही आजच्या नाहीत. आज बदल जाणवतो तो रात्रीत. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता धरून ठेवतात आणि अंधार पडल्यावर ती हळूहळू सोडतात. नांगरलेलं शेत जितक्या लवकर निवतं, तितक्या लवकर पार्किंगचा पोडियम निवत नाही. संध्याकाळची ती गार वेळ हीच इथली उन्हाळ्याची खरी मिळकत आहे, आणि प्रत्येक नव्या स्लॅबबरोबर ती थोडी आखूड होते.

माठातलं पाणी गार होतं तेही याच कोरडेपणामुळे. मातीच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगाने वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. दमट किनाऱ्यावर हे काम मंदावतं, इथे मात्र माठ पुरेपूर काम करतो. त्यात वाळ्याची जुडी टाकली की फ्रीज असलेल्या घरातही पोरं माठाकडेच वळतात.

चरकाचे घुंगरू

रस्त्याच्या कडेच्या रसवंतीवर पाटी बहुधा नवनाथाची किंवा कानिफनाथाची असते. याचं कारण पुरंदर तालुक्यात आहे. सासवडजवळच्या बोपगावच्या गडावर कानिफनाथांचं स्थान आहे, आणि त्या भागातली अनेक कुटुंबं पिढ्यानपिढ्या रसाच्या धंद्यात आहेत. पोटासाठी ती शहरात आली तेव्हा देवाचं नाव सोबत घेऊन आली. चरकाला बांधलेले घुंगरू हीही जुन्या दिवसांची खूण. पूर्वी लाकडी चरक बैल फिरवत आणि बैलांच्या गळ्यात घुंगरू असत. बैल गेले, मोटार आली, आवाज मात्र लोकांना हवा होता म्हणून राहिला.

‘हाफ की फुल?’, ‘बर्फ घालू का ताई?’, ‘आलं-लिंबू जरा जास्त टाका दादा’, एवढ्या तीन वाक्यांत सगळा व्यवहार होतो. पण रस निघेपर्यंतची दोन मिनिटं बाकावर काढावी लागतात आणि त्या दोन मिनिटांत फर्स्ट शिफ्ट करून आलेला फिटर, लॅपटॉपची बॅग लावलेली मुलगी आणि फ्लॅट दाखवून घसा कोरडा पडलेला एजंट एकाच बाकावर बसतात. शहरात वेगवेगळ्या पगाराची माणसं इतक्या जवळ फार कमी ठिकाणी बसतात.

याच रस्त्यावर मार्चपासून कलिंगडाचे ढीग लागतात, पुरंदरचे अंजीर टोपल्यांतून येतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये. पेटी कुठली आणि नाव कुठलं, या घासाघिशीत मानांकनापेक्षा नाकाने घेतलेला वास अजून मोठा पुरावा मानला जातो.

गच्चीवरचा महाराष्ट्र

टॉवरच्या गच्चीवर एप्रिलच्या रविवारी सकाळी सातला गेलं तर महाराष्ट्राचा नकाशा वाळत पडलेला दिसतो. खानदेशी घराचे ज्वारीचे बिबडे, नगर-मराठवाड्याकडच्या बाजरीच्या खारोड्या, साबुदाण्याच्या चकल्या, उडदाचे पापड, आणि मधोमध गव्हाच्या कुरडया.

कुरडई हे एकटीचं काम नाही. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून निघालेलं पांढरं दूध रात्रभर ठेवायचं, म्हणजे चीक तळाशी बसतो. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. पातेल्यात मीठ-हिंगाचं पाणी उकळलं की एकीने चिकाची धार धरायची आणि दुसरीने लाकडी दांड्याने ढवळत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्याच. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा दिसू लागला की तो शिजला. मग गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन चढायच्या आत प्लॅस्टिकवर गोल गोल पाडायचा. सोऱ्या दाबायला मनगट लागतं, म्हणून तिथे बहुधा घरातला पुरुष किंवा शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा पकडून आणलेला असतो.

या सगळ्याचं बक्षीस त्याच वेळी मिळतं. पातेल्याला लागलेला गरम चीक वाटीत काढून, कुणी तेल घालून तर कुणी दूध-साखर घालून, उभ्यानेच खाल्ला जातो. दुसऱ्या दिवशी अर्धवट वाळलेल्या कुरडया पोरं पळवतात. चिकाची वाटी पुढे केली की शेजारच्या परप्रांतीय घराशीही बोलणं सुरू होतं, कारण जवळपास प्रत्येक प्रांतात उन्हात वाळवून ठेवायचं काही ना काही असतंच.

अडचण किल्लीची आहे. सुरक्षेचं कारण देऊन अनेक सोसायट्यांच्या गच्च्या कुलपात असतात, उरलेल्या जागेत सौर पॅनेल आणि टाक्या असतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबाडाळ आणि पन्हं वाटायला क्लबहाऊस मिळतं. वाळवणाला गच्ची मागितली की समितीच्या बैठकीत विषय निघतो. खानदेशी घरं ज्याला आखाजी म्हणतात त्या अक्षय्य तृतीयेला झोका बांधायला झाड शोधावं लागतं. जागा नसल्यामुळे एखादी रीत कशी गळून पडते, हे इथे डोळ्यांदेखत दिसतं.

कोंबडा की कोंबडी?

मेच्या मध्यापासून मावळ-मुळशीच्या डोंगरांतून बायका पाट्या घेऊन शहराच्या कडेला उतरतात. त्यांतल्या बऱ्याच कातकरी आणि ठाकर वाड्यांतल्या. पाटीत करवंदं, जांभळं, कधी तोरणं, कधी आळू. करवंदांचं माप काचेच्या पेल्यानं होतं आणि पानाच्या द्रोणात ओतलं जातं.

करवंद खाण्याआधी मराठी पोरं एक खेळ खेळतात. ‘कोंबडा की कोंबडी?’ असं विचारायचं, समोरच्याने दोन्हींतलं एक सांगायचं, मग दाताने करवंद तोडून बघायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हा खेळ कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. एखादं पोर पाटीपाशी विचारतं, ‘मावशी, हे काय आहे?’ आणि मावशी त्याच्या हातावर दोन करवंदं ठेवून खेळ समजावून देते. घरी मल्याळी किंवा मैथिली बोलणारं पोर तो अर्ध्या मिनिटात शिकतं. या मातीशी त्याची पहिली ओळख इथे होते, आणि ती करून देणारी बाई संध्याकाळच्या आत पाटी रिकामी करून परत डोंगर चढणार असते.

रानमेवा येतो तिथे रान लागतं. पुनावळ्यातल्या वनखात्याच्या जमिनीवर महापालिकेच्या कचरा डेपोचं आरक्षण होतं. २०२३ मध्ये त्याविरुद्ध इथले रहिवासी रस्त्यावर उतरले. गावातले जुने लोक आणि टॉवरमधले नवे लोक त्यात एकत्र होते. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळ अधिवेशनात उद्योगमंत्री उदय सामंत यांनी तो प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं. रसवंतीच्या बाकावर आणि गच्चीवर जमलेल्या ओळखी अशा वेळी कामाला येतात, असं मला ठामपणे वाटतं. अनोळखी माणसं एकत्र मोर्चा काढत नाहीत.

अशीच एक गाठ चैत्रात पडते. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघतं आणि आयटी पार्कच्या वाहतुकीला काही तास गावाच्या देवासाठी थांबावं लागतं. काचेच्या इमारतींतून उतरून ते बगाड पाहणाऱ्या मुलामुलींना आपण कुठल्या गावात नोकरी करतो हे त्या दिवशी कळतं.

नदी शेजारी, पाणी टँकरने

पवना धरणाची क्षमता साधारण साडेआठ टीएमसी. धरणातून पाणी नदीत सोडलं जातं आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेलं जातं. म्हणजे अर्ध्याअधिक शहराची तहान पुनावळ्याच्या शेजारीच भागवली जाते. तरीही नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि मे महिन्यात इथल्या अनेक सोसायट्यांचा मोठा खर्च टँकरवर होतो.

पाण्याची ही ओढ सगळ्यांना सारखी लागत नाही. टॉवरमधल्या माणसाला नळ उशिरा आला तर चिडचिड होते. बांधकामावरचा मजूर, फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि दुपारी दोनला जेवण पोहोचवणारा मुलगा यांच्यासाठी मात्र तो जिवाचा प्रश्न असतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले आणि त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. त्या आराखड्यात धोक्याची सूचना आहे, दवाखान्यांची तयारी आहे, आणि साधी पाण्याची सोयही आहे.

आपल्याकडे या साध्या सोयीला पाणपोई म्हणतात. ओल्या लाल कापडात गुंडाळलेले दोन माठ, साखळीला बांधलेला पेला, वर ताडपत्री. एखादं मंडळ, एखादा दुकानदार ती चालवतो. रोज माठ घासून भरणारा एक माणूस तिच्यामागे असतो आणि त्याचं नाव पाटीवर नसतं. उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं सुख जर कुणी वाटत असेल तर तो हाच माणूस.

मागायचं काय?

कायदे आपल्याकडे आहेत. झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात विक्रीच्या जागा ठरवायच्या आहेत आणि त्या ठरवणाऱ्या समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधीही बसतात. महापालिकेने मे २०२५ मध्ये सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यात रस्ते आहेत, आरक्षणं आहेत. सावलीचा हिशेब अशा आराखड्यांत वेगळा धरला जात नाही.

तो धरायला लावणं आपलं काम आहे. शाळेपासून बसथांब्यापर्यंत सलग सावली आहे का, हे प्रत्येक प्रभागात मोजता येतं. अंडरपासच्या तोंडाशी रसवाल्याला आणि पाटीवाल्या मावशीला हक्काची जागा देता येते, म्हणजे अतिक्रमणाची गाडी दिसली की त्यांना पाटी उचलून पळावं लागणार नाही. सोसायटीच्या सभेत एप्रिल-मेच्या रविवारी सकाळी गच्ची उघडी ठेवण्याचा ठराव एका बैठकीत होतो. फाटकाबाहेर एक माठ ठेवायला परवानगीही लागत नाही.

यातलं काहीच खर्चिक नाही. आपण पाणी, वीज आणि रस्त्यांसाठी निवेदनं देतो, तशी उन्हाळ्याच्या या साध्या सुखांसाठीही द्यायला हवीत; कारण पुनावळ्याला मोठं करण्याचं काम बिल्डर करतीलच, त्याचं गाव टिकवण्याचं काम इथे राहणाऱ्यांनाच करावं लागेल.