खाज जाते, विष जात नाही

पहिला पाऊस पडला की कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या बाजारात, भाजीच्या गाड्यांपासून जरा बाजूला, जमिनीवर पोतं अंथरून ठाकर आणि कातकरी बायका बसू लागतात. पुढ्यात शेवळांच्या जुड्या, शेजारी आवळ्यासारखी दिसणारी हिरवी, आंबट काकडं. पाऊस लागून राहिला की टाकळा, कुलू, भारंगी, कंटोली येतात आणि मग एखाद्या दिवशी पानात गुंडाळलेली अळंबी. ती दिसली की त्याच दिवशी घ्यावी आणि त्याच दिवशी शिजवावी. दुसऱ्या दिवसापर्यंत तिची चव उतरते.

शेवळं म्हणजे सुरणाच्या जातकुळीतल्या रानकंदाचा फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात टोचतात, म्हणून खाज सुटते. त्यावरचा उपाय इथल्या स्वयंपाकघरांत जुनाच आहे. वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळसर, कणीदार भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि ठेचलेल्या काकडांचं पाणी घालून पूर्ण शिजवायचं. सोबत वाल, सोडे किंवा खिमा. शेवळं घेऊन काकडं न घेणारं गिऱ्हाईक नवखं, हे विकणारीला लगेच कळतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ही भाजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

अळंबीची गोष्ट निराळी. इथल्या रानात वारुळांवर किंवा त्यांच्या आसपास उगवणारी अळंबी ‘टर्मिटोमायसेस’ या गटातली. वाळवीला लाकूड-पाचोळा नीट पचत नाही. ती तो चावून वारुळात स्पंजासारखे थर रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि बुरशीने मऊ केलेलं अन्न खाते. वाळवीची ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं जुनी आहे, माणसाची जेमतेम १० ते १२ हजार. पावसाळ्यात हीच बुरशी लांब देठ काढून जमिनीवर छत्री उघडते. वाळवीशिवाय ती नीट वाढत नाही, त्यामुळे बटन मशरूम किंवा धिंगरीसारखी शेडमध्ये तिची लागवड होत नाही. भाव चढा असतो तो यामुळेच.

शिजवायला मात्र ती सोपी. अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं, म्हणून पसरट कढई, मोठी आच आणि मीठ शेवटी. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. कोलंबीच्या कवचात असतं तेच हे द्रव्य. भाजीचा गाळ होत नाही, दाताखाली चव राहते, ती त्यामुळे. मटणाची आठवण करून देणारी गोडी ग्लुटामेटची. कांदा, हिरवी मिरची, मूठभर ओलं खोबरं एवढं पुरतं. गरम मसाल्याने ती मारण्यात अर्थ नाही.

आता धोक्याचं. शेवळाची खाज कढईत जाते, विषारी अळंबीचं विष जात नाही. अमॅनिटा गटातल्या काही जातींतलं अमॅटॉक्सिन उकळून, तळून किंवा वाळवूनही टिकतं. त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो, तोवर जेवण विसरलेलं असतं. उलट्या-जुलाबानंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि याच काळात यकृत निकामी होऊ लागतं. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलते का, किडे खातात का, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी आहेत. विषारी अळंबीलाही किडे लागतात.

कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर पावसाळी सुट्टीला येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी छत्री बऱ्याचदा क्लोरोफायलम जातीची असते. कोवळेपणी ती खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. पुढे तिच्या खालच्या पट्ट्या हिरवट होतात. खाल्ल्यास काही तासांत जोरदार उलट्या होतात. मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहणं ही ओळख नव्हे. वर्षानुवर्षं तीच वारुळं पाहणारी, घरी तीच भाजी खाणारी बाई जी विकते, ती घ्यावी. पहिल्यांदा थोडीच खावी, कच्ची कधीच नाही. एक-दोन अळंब्या न शिजवता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. त्रास झालाच तर उलट्या थांबायची वाट न पाहता त्या घेऊन थेट रुग्णालय गाठावं.