वाळू दे की

कोल्हापुरात जुलैत जलरंग करायला बसणं म्हणजे विकतचं दुखणं. ऊन नाही, भिंतींना ओल, कागद सकाळपासूनच मऊ पडलेला. तरी माडीवर सरांनी रंगाची डबी उघडलीच. समोर एका ब्रह्मी चित्रकाराच्या जलरंगाची छापील प्रत टाचलेली: आठ-नऊ वर्षांचा श्रामणेर, भादरलेलं डोकं, अंगावर चीवर. आपल्याकडच्या श्रामणेर शिबिरांत चीवर बहुधा केशरी असतं, हे काळपट तांबडं. तिकडं पोराला आधी राजपुत्रासारखं नटवून मिरवतात, मग वस्तरा फिरवतात. सिद्धार्थानं महाल सोडला त्याची ती आठवण. मला मात्र आंबा घाटाखालचं रत्नागिरी आठवलं. इंग्रजांनी तिथं नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजाही लहानपणी मठात शिकलेला. १९१६ साली तो तिथंच वारला.

डोकं सोपं गेलं. यलो ओकर आणि बर्न्ट सिएनाचा पातळ हात, टाळूवर कागद कोराच ठेवला, आणि ओलं असतानाच कडेला किंचित अल्ट्रामरीन सोडला. नुकत्याच भादरलेल्या डोक्याची निळसर झाक आपोआप उतरली.

घात केला चीवरानं. अ‍ॅलिझरिन क्रिमसनमध्ये बर्न्ट अंबर घालून रंग केला, लावला, प्रतीशी ताडून पाहिला. हुबेहूब! तासाभरानं बघतो तर कोकम सरबत. जलरंग वाळला की फिका पडतो हे वर्गात शंभरदा ऐकलेलं. पण ओला रंग डोळ्यांना फसवतो तो फसवतोच. दुसरा हात अर्धवट ओल्यावरच दिला. ब्रशातलं पाणी आत घुसलं आणि पोराच्या छातीवर फ्लॉवरचा गड्डा फुलला.

"वाळू दे की रं. यस्टी सुटाय लागलीया काय तुझी?"

आबालाल रहिमान पंचगंगेकाठी, कोटितीर्थावर चित्रं रंगवत. ते १९३१ साली गेले, पण इथल्या चित्रकारांत त्यांचं नाव अजून घरच्या माणसासारखं निघतं. सरांनीही काढलं. हवेचा अंदाज घेतल्याशिवाय कागद भिजवायचा नाही, एवढंच म्हणाले.

डाग ओल्या ब्रशनं हलकेच उचलला, फडक्यानं टिपला. पुरता गेला नाही. चीवराची एक चुणी तिथून काढली. तिसरा हात डोळ्यांना पटेल त्याहून दोन घरं गडद कालवला. सरांनी ब्रश घेतला, कानाच्या पाळीवर लालसर थेंब टेकवला आणि उजेड पाळीतून आरपार आला.

वाळायला अजून बराच वेळ होता. मी खाली चहा सांगायला गेलो.