गळते कुठे, टपकते कुठे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की कारखान्यांच्या पार्किंगमधल्या मोटारसायकली निघून जातात आणि जमिनीवर काळे डाग उरतात. मालकाला विचारा, तो म्हणेल, "जुनी गाडी आहे, थोडे ऑइल गळायचेच." हे 'थोडे'च महागात पडते.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढे फोर स्ट्रोक गाडी कामगारांच्या घरोघरी पोचली. टू स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई. इथे मात्र तळाशी साठलेले एकच ऑइल पिस्टन, क्लच, गिअर सगळ्यांना पुरवायचे असते. शंभर सीसीच्या गाडीत ते असते जेमतेम लिटरभर. त्यातले पाव लिटर गळाले तर चौथा हिस्सा गेला! पातळी फार उतरली की इंजिन जॅम होते. ऑइल मागच्या टायरला लागले, तर वळणावर प्रश्न जिवाचाच.

गळतीची गंमत अशी, की ऑइल जिथून निघते तिथे टपकत नाही. वरच्या टॅपेट कव्हरमधून झिरपलेले ऑइल वाऱ्याने मागे सरकते आणि तळाच्या ड्रेन बोल्टवरून ठिबकते. आपण बोल्ट आवळत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

म्हणून आधी थंड इंजिन डिझेलने धुवा, कोरडे पुसा. संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. दहा मिनिटे इंजिन चालवून पाहा. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली, तिथे मूळ. दोन भागांच्या सांध्यावर ओल असेल तर गॅस्केट गेले. किक, गिअर किंवा पुढच्या स्प्रोकेटच्या दांड्याभोवती असेल तर ऑइल सील. बाहेर थेंब नाही, पण ऑइल कमी होते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर ऑइल आत जळते आहे. ते काम मेकॅनिकचे.

ब्रीदर पाइपही तपासा. तो चोंदला की आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. जास्त ऑइल भरल्यानेही असेच होते. अशा वेळी नुसते सील बदलून भागत नाही.

गॅस्केट बदलताना जुने अवशेष हळुवार काढा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडले तर ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि नवी गळती सुरू होते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा; जोर केला तर आटे जातात. सिलंट थापू नका. त्याचा तुकडा आत सुटला तर ऑइलची वाट अडते. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावून, ओठ आतल्या बाजूला ठेवून ते सरळ बसवा.

काढलेले ऑइल मात्र गटारात ओतू नका. ते नासर्डीला आणि पुढे गोदावरीला जाते. डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. आणि आठवड्यातून एकदा गाडी मेन स्टँडवर लावून डिपस्टिक पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.