थाळीफेक : हात शेवटी यावा

शालेय मैदानी स्पर्धांमध्ये धावण्याच्या शर्यतीभोवती गर्दी जमते. थाळीफेकीच्या वर्तुळाजवळ मात्र बहुधा पंच, टेप धरणारे दोन विद्यार्थी आणि स्पर्धक एवढेच असतात. या खेळाविषयी आपल्या समाजात एक समज पक्का आहे, तो असा की थाळी हे धिप्पाड मुलामुलींचे काम. परिणामी वर्गातील अंगाने थोराड विद्यार्थी निवडला जातो, त्याच्या हाती थाळी दिली जाते आणि ‘जोर लाव’ एवढाच उपदेश केला जातो. तो जोर लावतो, थाळी डगमगत जाऊन बाजूच्या रेषेबाहेर पडते आणि त्या विद्यार्थ्याचा खेळ तेथेच संपतो. ज्याला कोणी निवडलेच नाही, त्या किरकोळ अंगाच्या विद्यार्थ्याचा खेळ तर सुरूही होत नाही. हे दोन्ही नुकसान टाळता येण्याजोगे आहे. कारण थाळीफेक बळाचा खेळ असला, तरी बळाच्या आधी तो क्रमाचा आणि वेळेचा खेळ आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. प्राचीन ग्रीसमधील पंचक्रीडेत थाळीफेकीचा समावेश होता. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात मायरन या शिल्पकाराने घडविलेला थाळीफेकपटू जगप्रसिद्ध आहे. मूळ कांस्यमूर्ती नष्ट झाली, तरी रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती आजही पाहावयास मिळतात. 1896 मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा रॉबर्ट गॅरेट हा अमेरिकन विद्यार्थी तेथे उतरला. प्राचीन वर्णनांवरून अंदाजाने त्याने मायदेशी एक थाळी करवून घेतली होती. ती इतकी जड निघाली की त्याने तो नाद सोडून दिला. अथेन्समध्ये खरी थाळी हाती आल्यावर ती कितीतरी हलकी असल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने नाव नोंदविले आणि 29.15 मीटरच्या फेकीने यजमान ग्रीकांना मागे टाकून तो विजयी झाला. स्त्रियांना ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांचे दार 1928 मध्ये ॲमस्टरडॅम येथे उघडले. त्या दारातून पहिले सुवर्णपदक घेऊन बाहेर पडली ती पोलंडची हालिना कोनोपात्स्का, आणि तेही थाळीफेकीतच.

आपल्या देशापुरते बोलायचे, तर 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया यांनी 61.51 मीटर थाळी फेकून सुवर्णपदक मिळविले. 1958 मधील मिल्खा सिंग यांच्या पदकानंतर राष्ट्रकुल मैदानी स्पर्धांत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. त्या दिवशी रौप्य आणि कांस्यही हरवंत कौर व सीमा अंतिल या भारतीय महिलांनीच पटकाविले. योगेश कथुनिया यांनी टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन पॅरालिंपिक स्पर्धांत थाळीफेकीचे रौप्यपदक मिळविले. त्यांच्या गटात खेळाडू बसून थाळी फेकतात. पायांची गिरकी नसतानाही 40 मीटरपलीकडे जाणारी ती फेक नीट पाहिली, तर धड आणि खांदा यांच्या अचूक क्रमात किती शक्ती दडलेली असते हे कळते.

आता तंत्राकडे वळू. पुरुषांची थाळी 2 किलोची, तर स्त्रियांची 1 किलोची असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती दीड किलोची असते. फेकीच्या वर्तुळाचा व्यास 2.50 मीटर असतो आणि थाळी 34.92 अंशांच्या कोनात आखलेल्या क्षेत्रातच पडावी लागते. पुढील विवेचन उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी आहे; डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.

पकड. थाळी मुठीत धरायची नसते. बोटे किंचित फाकवून त्यांची शेवटची पेरे थाळीच्या कडेवर टेकवावीत, तळवा थाळीवर सपाट ठेवावा आणि अंगठा नुसता विसावू द्यावा. मग थाळी पडत का नाही, असे मुले विचारतात. हात फिरत असताना थाळी बाहेरच्या बाजूस ओढ घेते आणि बोटांच्या पेरांवर स्वतःच घट्ट बसते. सुटताना ती सर्वांत शेवटी तर्जनीवरून निसटली पाहिजे. अशी सुटलेली थाळी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि भोवऱ्याप्रमाणे हवेत स्थिर राहते. करंगळीकडून सुटली की ती डगमगते. यासाठी पहिला आठवडा फेकूच नये. थाळी जमिनीवर सरळ रेषेत चाकासारखी घरंगळत सोडावी. ती न लवंडता पंधरा पावले गेली, की तर्जनी आपले काम शिकली असे समजावे.

अलीकडे प्लॅस्टिकची उडती चकती सर्वत्र मिळते. परदेशात तिच्यावर ‘डिस्क गोल्फ’ नावाचा स्वतंत्र खेळ उभा राहिला असून त्यात चकती बहुधा उलट्या हाताने, म्हणजे हात छातीसमोरून दुसऱ्या बाजूस नेऊन, फेकतात. हाताची दिशा थाळीफेकीच्या विरुद्ध असली, तरी दोहोंचा नियम एकच आहे. पाय आधी, कंबर नंतर, खांदा त्यानंतर आणि हात शेवटी. जो केवळ हाताने चकती भिरकावतो, त्याची चकती वळून खाली येते. जो कंबरेपासून फेकतो, त्याची तरंगत जाते. लहान वर्गांतील मुलांना हा क्रम चकतीवर निर्धोकपणे शिकविता येतो.

उभी फेक. गिरकी शिकण्यापूर्वी उभी फेक पक्की व्हावी. डावा खांदा क्षेत्राकडे करून उभे राहावे. उजवा पाय वर्तुळाच्या मध्याशी, गुडघ्यात वाकलेला; शरीराचा भार त्याच्या चवड्यावर. डावा पाय पुढे, थोडा डावीकडे सरकलेला. थाळीचा हात खांद्याच्या उंचीवर मागे लांब आणि सैल. आता आरंभ हाताने करायचा नाही. उजव्या पायाचा चवडा जमिनीत काडी विझवावी तसा फिरवावा. त्यामागे गुडघा फिरेल, गुडघ्यामागे कंबर, कंबरेमागे छाती. हात मात्र अजून मागेच राहिलेला असेल. पोटावर आणि छातीवर ताण जाणवतो तो याच क्षणी. नेमक्या त्या वेळी डावा पाय ताठ करून शरीराची डावी बाजू दारातील बिजागरीसारखी खंबीर धरावी. बिजागरी हलली तर दार जोराने फिरणार नाही. डावी बाजू ढळली तर हातालाही वेग मिळणार नाही. शेवटी हात येतो आणि थाळी साधारण खांद्याच्या उंचीवरून सुटते.

हा क्रम आपल्या भागाला नवा नाही. वसईच्या किनाऱ्यावर पाग टाकणारा कोळी पाहावा. जाळे हाताने फेकलेले दिसते, पण ते उलगडते कंबरेच्या वळणाने. शेताच्या माचाणावरून गोफण फिरविणाऱ्याचेही तसेच. दोरी केव्हा सोडायची, यावरच धोंडा पाखरांकडे जाणार की शेजाऱ्याच्या अंगणात, हे ठरते.

वेळ. हे शेवटचे उदाहरण आकड्यांत पाहण्यासारखे आहे. वीस मीटर जाणाऱ्या थाळीचा सुटतानाचा वेग, हवेचा परिणाम सोडून दिल्यास, सेकंदाला सुमारे 14 मीटर असतो. शरीराच्या अक्षापासून थाळी 80 सेंटिमीटर दूर धरली, तर हात त्या क्षणी सेकंदाला साधारण हजार अंश या गतीने फिरत असतो. म्हणजे क्षेत्राचा पस्तीस अंशांचा कोन तो सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात ओलांडतो. थाळी लवकर सुटली तर उजवीकडे जाते, उशिरा सुटली तर डावीकडे जाळीत. एवढ्या अल्प वेळात ‘आता सोडू’ असा विचार करणे कोणालाच शक्य नाही. म्हणून सोडण्याचा क्षण मनाने साधायचा नसतो. पायांचा क्रम बरोबर बसला की तो आपोआप साधतो. फेक उजवीकडे गेली, तर हाताला दोष देण्याआधी पाय पाहावेत.

दुसरा हिशेब उत्साह वाढविणारा आहे. फेकीचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग एकदशांशाने वाढला, तर अंतर सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते. वीस मीटरची फेक चोवीस मीटरवर जाते. हा एकदशांश वेग स्नायू फुगवून मिळविण्यास वर्षे लागतात. क्रम सुधारून तो एका हंगामातही मिळू शकतो.

गिरकी. उभी फेक स्थिर झाल्यावर गिरकी घ्यावी. क्षेत्राकडे पाठ करून वर्तुळाच्या मागील कडेशी उभे राहावे, भार डाव्या चवड्यावर नेऊन वळावे, उजवा पाय वर्तुळाच्या मध्याशी आणावा आणि लगेच डावा पाय पुढच्या कडेशी टेकवावा. बहुतेक विद्यार्थ्यांची चूक येथे होते. आरंभच झपाट्याने केल्यामुळे धड पायांच्या पुढे निघून जाते आणि डावा पाय टेकण्यापूर्वीच हात फेकून मोकळा होतो. उपाय लयीचा आहे. ‘एऽऽक’ लांबवून म्हणत वळावे, ‘दोन-तीन’ जोडून म्हणत उजवा-डावा पाय टेकवावा, मग फेक. आरंभ संथ आणि शेवट जलद, हे ढोलकीच्या हाताइतके अंगात मुरले पाहिजे. नजर क्षितिजावर असावी. थाळीकडे पाहणाऱ्याचे डोके कलते आणि डोक्यामागे सारे शरीर.

वाऱ्याविषयीही एक गैरसमज आहे. पाठीमागचा वारा थाळी पुढे नेईल असे वाटते. वस्तुतः समोरून येणारा माफक वारा तिला उचलून धरतो. मात्र थाळीचा पुढचा काठ फार वर राहिला, तर तोच वारा तिला अडवतो. म्हणून समोरून वारा असताना थाळी किंचित चपटी सोडावी.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली असते. तेवढ्यासाठी सराव थांबविण्याचे कारण नाही. जुन्या टॉवेलच्या टोकाला गाठ मारून तो थाळीसारखा फिरविला, की व्हरांड्यातही उभ्या फेकीचा क्रम बसविता येतो. टॉवेलचा ‘सप्प’ असा आवाज शरीराच्या समोर झाला तर वेळ साधली. मागे झाला तर हाताने घाई केली. गिरकीची पावले फरशीवर खडूने वर्तुळ आखून शिकता येतात. दिवाळीनंतर मैदान कोरडे झाले, की हीच पावले थाळीसह करावीत.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. ओली थाळी पुसल्याशिवाय हातात घेऊ नये. सरावाच्या वेळी सर्वांनी जाळीच्या किंवा फेकणाऱ्याच्या बऱ्याच मागे उभे राहावे, आणि सर्वांच्या थाळ्या पडल्यावरच एकत्र आणावयास जावे. फेकलेली थाळी कोणी परत फेकू नये. ती चालत आणावी.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे पाळवणकर बाळू यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. थाळी आणि चेंडू वेगळे. पण हाताच्या क्रियेचे शास्त्र जवळचे. चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्यांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करावयास लावी. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे दिली जात नसे. त्या असंख्य पुनरावृत्तींतून त्यांचा डावा हात असा घडला, की 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी मिळविले. त्याच बाळूंना पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चहा मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. क्रिया त्यांनी स्वतः घडविली. मैदान आणि मान मात्र इतरांच्या हाती होता.

म्हणून या लेखाचा समारोप पालक आणि माजी विद्यार्थ्यांना उद्देशून करतो. आपल्या पूर्वजांच्या शरीरांकडून पिढ्यान्‌पिढ्या केवळ श्रम घेतले गेले. शरीराचे शास्त्र त्यांना कोणी शिकविले नाही. वसतिगृहातील मुलामुलींना ते शिकविणे हे शिक्षणाचेच अंग आहे. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. एक काँक्रीटचे वर्तुळ, मजबूत जाळी, मुलांच्या वयाला योग्य वजनाच्या चार थाळ्या आणि एक टेप एवढे पुरते. तालुका स्तरावर नाव नोंदविताना केवळ थोराड नव्हे, तर ज्याचे पाय क्रमाने पडतात असा विद्यार्थीही निवडला जावा. आणि पुढील स्पर्धेला आपण याल, तेव्हा धावण्याची शर्यत संपल्यावर मैदानाच्या त्या कोपऱ्याकडेही वळावे. एखादी बारीक अंगाची मुलगी तेथे ‘एऽऽक’ म्हणत वळत असेल. तिला ‘जोर लाव’ म्हणू नका. तिचा हात शेवटी येतो की नाही, एवढे मात्र जरूर पाहा.