कॅनडांतील फ्रेंच कुळें आणि त्यांचीं ‘ऊर्फ’ नांवें

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत ग्रीनवुड आडनांवाचें एखादें कुटुंब आहे, आणि त्या घरांतील वृद्ध माणसें आपले पूर्वज फ्रेंच होते असें सांगतात, अशी कल्पना करावी. आडनांव अस्सल इंग्रजी, आणि सांगणें तर असें! यांत खरें कोणतें मानावें?

दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात. सुमारें १८४० पासून १९३० पर्यंत नऊ लाखांच्या आसपास फ्रेंच कॅनेडियन लोक पोटासाठीं सरहद्द ओलांडून दक्षिणेकडे गेले. त्यांपैकीं पुष्कळांनीं न्यू इंग्लंडमधील कापडाच्या गिरण्यांत काम धरलें. तेथें ‘हिरवें रान’ अशा अर्थाच्या ब्वाव्हेर या आडनांवाचें ग्रीनवुड झालें, लब्लां कुटुंबें व्हाइट झालीं, आणि रुआ घराणीं किंग म्हणूं लागलीं.

परंतु वंशशोधकाची वाट ब्वाव्हेरपाशीं संपत नाहीं. कित्येक घराण्यांत तेंही मूळ आडनांव नसून ‘दि’ नांव असतें. फ्रेंच भाषेंत ‘दि’ म्हणजे ‘म्हटला जाणारा’. मराठींतील ‘ऊर्फ’ तोच. अशा नांवांचा एक मोठा उगम लष्करांत आहे. १६६५ सालीं इरोक्वा लोकांशीं लढण्यासाठीं फ्रान्सहून कारिन्यां-सालियेर पलटण आली. तींत सुमारें १,२०० शिपाई होते. मोहीम आटोपल्यावर त्यांपैकीं सुमारें ४०० तेथेंच स्थायिक झाले. पलटणींत शिपायास टोपणनांव मिळत असे. लाफ्लर म्हणजे फूल, सां-सूसी म्हणजे निश्चिंत, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा! कोणाचें नांव मूळ प्रांतावरून पडे; आंजू प्रांतांतून आलेला तो लांजव्हें. पुढें एक भाऊ बापाचें मूळ आडनांव लावी, तर दुसरा टोपणनांव. आणि एकाच आजोबांचे नातू निरनिराळ्या आडनांवांनीं वावरत.

त्यांत लेखनाची भर पडे. १६३४ सालीं आलेला सुतार झाकारी क्लूतिए यास लिहितां येत नसे. सहीच्या जागीं तो कुऱ्हाडीची आकृति काढी. अशा लोकांचीं नांवें पाद्री कानांवर पडतील तशीं लिहीत. म्हणूनच ग्वियों या घराण्याच्या कांहीं शाखा कालांतरानें दिओं झाल्या.

पहिल्या नांवांचा घोळ निराळाच. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाला बहुधा जोसेफ व मुलीला मारी हें नांव देऊन त्यापुढें आणखी नांवें जोडीत; हांक मारण्याचें नांव सामान्यतः शेवटचें असे. लहानपणीं वारलेल्या मुलाचें नांव मागाहून जन्मलेल्या भावंडास ठेवण्याचीही चाल होती. घाईनें पहिलीच नोंद उचलणारा शोधक म्हणून पाळण्यांतच वारलेल्या बालकाला आपला पूर्वज मानून बसतो.

या अरण्यांत खरी वाट दाखविते ती विवाहाची नोंद. पहिल्या विवाहाच्या नोंदींत वधू व वर या दोघांच्याही आईबापांचीं नांवें बहुधा मिळतात. शिवाय विवाहानंतरही स्त्रीचें माहेरचें आडनांव दप्तरांत कायम राही. त्यामुळें बापाचें आडनांव बदललें तरी आईच्या नांवावरून कुटुंब ओळखतां येतें. १६६३ ते १६७३ या काळांत राजाच्या खर्चानें आलेल्या सुमारें ८०० तरुणींपर्यंत आज हजारों कुटुंबें आपला वंश नेऊन भिडवितात, तें याच आधारावर.

हीं दप्तरेंही सुखासुखी टिकलीं नाहींत. १६४० सालीं क्वेबेकचें चर्च जळालें व त्यांतील नोंदवह्याही जळाल्या; त्या पुढें लोकांच्या आठवणींवरून पुनः लिहून काढाव्या लागल्या. एकोणिसाव्या शतकांत सिप्रियां तांगे या धर्मगुरूनें गांवोगांवच्या नोंदी चाळून १८७१ ते १८९० या काळांत सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला. १९६६ पासून मॉन्ट्रियल विद्यापीठानें याच नोंदी संगणकाच्या साहाय्यानें जुळविण्याचें काम हातीं घेतलें.

ग्रीनवुड कुटुंबानें म्हणून केवळ आडनांवाचा माग काढूं नये. आडनांव तर वाटेंत दोनदां बदललें असेल. आजीच्या आईचें माहेर आणि तिच्या लग्नाचें गांव, एवढें ठाऊक असलें तर तीनशें वर्षांची वाट पुनः उघडूं शकते.