मुलूख न सोडता परमुलखात

परदेशी संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांविषयी मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढणाऱ्या मुलांची भाषा कशी टिकवावी, सणवार कसे करावेत, आजीशी त्यांचे बोलणे कसे सुरू ठेवावे, ही चर्चा आम्हीही आवडीने वाचतो. वाचता वाचता मनात येते की, ज्यांनी कधी सामान बांधले नाही, समुद्र ओलांडला नाही, ज्यांचे घर, विहीर आणि संत्र्यांचा बगीचा पणजोबांच्या वेळेपासून जेथल्या तेथे आहे, अशा आमच्या घरातही हेच प्रश्न रोज सकाळी मुलांच्या दप्तराबरोबर दारात उभे राहतात. आम्ही सौंसरचे. आम्ही मुलूख सोडला नाही. सीमा मात्र आमच्या दक्षिणेकडून गेली.

जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना तेथे सारखाच मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. वाटणी जिल्ह्यांच्या हिशेबाने झाली. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाला असलेले सौंसर-पांढुर्णा त्याच्याबरोबर राहिले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तो आम्ही शेजारच्या अंगणातील मंगलकार्यासारखा पाहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. कचेरी जवळ आली, हे खरेच. परंतु दुखणेबाणे, लग्नाचा बस्ता आणि सोयरीक यांसाठी आमची पावले नागपूर, काटोल, नरखेड, वरूड याच वाटांनी जातात, आणि बगीच्यातला माल नागपुरी संत्रे म्हणूनच विकला जातो. फळाला सीमा विचारीत नाहीत.

आमच्या घरात तीन पिढ्या आहेत आणि त्यांचे शिक्षण तीन तऱ्हांचे आहे. आम्ही उभयतांनी पाटीवर मराठी मुळाक्षरे गिरवली. चिरंजीव हिंदीतून शिकले. सूनबाई वरूडच्या, मराठी विषय घेऊन पदवीधर झालेल्या. नात चौथीत आहे, नातू पहिलीत. दोघेही गावातल्या सरकारी शाळेत जातात आणि तेथले माध्यम हिंदी आहे. म्हणजे घरात सर्वांत चांगले मराठी जाणणारी आई रोज संध्याकाळी हिंदीचा गृहपाठ घ्यावयास बसते, आणि ज्यांना हिंदी सहज लिहिता येते ते वडील तेव्हा दुकानात असतात. असा हा संसार.

मुले बोलतात ती मराठीच. ‘आई, बस येऊन राहिली’, ‘आबाजी, तुम्ही काहून नाही जेवले?’ हे त्यांचे बोलणे ऐकून पुण्याचे आमचे एक आप्त हसले होते. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो याचीही त्यांना मोठी गंमत वाटली. हसोत बापडे, ही बोली वऱ्हाडापासून आमच्यापर्यंत एकाच ओघात आलेली आहे, तिची आम्हांस लाज नाही. आमची चिंता वेगळी आहे. मुले मराठी बोलतात म्हणून घरचे निश्चिंत असतात, आणि लिपी एकच आहे म्हणून तर आणखीच निश्चिंत असतात. अमेरिकेतल्या मुलाला रोमन अक्षरे येतात आणि देवनागरी येत नाही, हे त्याच्या आईला पहिल्याच दिवशी दिसते. आमच्या मुलांना देवनागरी येते. त्यामुळे त्यांना मराठी वाचता येत नाही, हे दिसावयास चार वर्षे लागतात.

कसे ते सांगतो. हिंदीच्या वर्णमालेत ळ शिकवीत नाहीत. नातीने एकदा आपल्या मामाला चिठ्ठी लिहिली, ‘मी सकाळी केळी खाल्ली’ असे तिला म्हणावयाचे होते. कागदावर उतरले ‘मी सकाली केली खाल्ली’. तिच्या वहीत डोळे ‘डोले’ होतात आणि काळ व काल यांत भेद उरत नाही. जिभेवर ळ आहे, बोटांत नाही. हिंदीत ‘शक्ति’ आणि ‘बुद्धि’ ऱ्हस्व, आमच्याकडे ‘शक्ती’ आणि ‘बुद्धी’ दीर्घ. एका वहीत जे बरोबर ते दुसरीत चूक. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘ते घर’ म्हणावयाचे की ‘तो घर’, याचा लिहिताना गोंधळ उडतो. ‘पुस्तक’ शाळेत स्त्रीलिंगी आणि घरी नपुंसकलिंगी. आकड्यांचे तर विचारूच नये. आजी म्हणते त्रेचाळीस, गुरुजी म्हणतात तैंतालीस. आजीचे ‘बे एके बे’ ऐकून नातू शाळेतले ‘दो एकम दो’ विसरतो आणि मग दोन्हींचा खिचडा करून मोकळा होतो.

शब्द सारखे आणि अर्थ निराळे, ही आणखी एक मौज. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नातू घाबरा होऊन घरी आला. कोणा पाहुण्यांनी भाषणात सांगितले होते की, प्रत्येक बच्चे को शिक्षा मिलनी चाहिए. ‘मी काहीच नाही केलं, तरी मला शिक्षा?’ असे तो रडवेला होऊन विचारीत होता. त्याची समजूत घालताना सूनबाईंनी त्याच्या पाटीवर दोन रकाने आखले. शाळेतली शिक्षा म्हणजे शिक्षण, घरातली शिक्षा म्हणजे दंड. शाळेतला राग गातात, घरातला राग येतो. शाळेतले खाली म्हणजे रिकामे, घरातले खाली म्हणजे जमिनीकडे. तेव्हापासून दोन्ही मुलांना असे शब्द शोधण्याचा छंद लागला आहे. ‘राजीनामा’ नातीने स्वतः शोधून आणला: हिंदीत तडजोड, मराठीत नोकरी सोडणे. आमच्या मते हा खेळ व्याकरणाच्या दहा पाठांहून अधिक कामाचा आहे.

आमच्या भिंतीवर दोन कॅलेंडरे असतात, एक मराठी आणि एक जबलपूरचे लाला रामस्वरूप यांचे. ही चैन नव्हे, गरज आहे. आमचा महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. आषाढी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून शाळेत सावन लागतो. घरी अजून पंधरा दिवस आषाढच असतो. मुले विचारतात, सोमवार आजपासून धरायचे की पंधरा दिवसांनी? घरात श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा होऊन आई मुलांना ओवाळते, ती आमच्या पंचांगाप्रमाणे. गोकुळाष्टमी दोघांची एकाच रात्री, परंतु आमची श्रावणातली आणि त्यांची भादोंमधली. गेल्या वर्षी नातीने निबंधात लिहिले की, पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो. गुरुजींनी तांबड्या शाईने ‘भादों’ केले. ती दोन्ही कॅलेंडरे काढून घेऊन बसली, आणि दिवस एकच असून नाव तेवढे वेगळे आहे हे तिचे तिलाच उमगले.

पोळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीमध्ये पळसाचे झाड झेंड्यासह रोवतात, आणि ते मिळवण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांचे लोक एकमेकांवर दगड मारतात. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदोबस्त वाढवून पाहिला. दगड काही थांबले नाहीत. परंपरेचा अभिमान आम्हांसही आहे, तरी ज्या दिवशी मुलाच्या हातात लाकडी बैलाची दोरी असावी त्या दिवशी त्याने नदीकाठी उभे राहून रक्त पाहावे, हे आम्हांस पटत नाही. पांढुर्ण्याचे आमचे व्याही त्या दिवशी नातवंडांना आमच्याकडे आणून सोडतात, आणि आमच्या अंगणात आठ-दहा लाकडी बैल जमतात.

मराठी टिकवण्याचे सर्वांत सोपे साधन आम्हांस भाद्रपदी पौर्णिमेनंतर सापडते. भुलाबाई बसते. महिनाभर, कोजागिरीपर्यंत, संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखावयाचा असतो. गोड की तिखट, ओला की सुका, तळलेला की भाजलेला, असे विचारीत विचारीत मुली पन्नास पदार्थांची नावे घेतात. हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या मुलीही येतात आणि ‘पाटवडी’ हा शब्द मोठ्या ठसक्यात उच्चारतात. यंदा सूनबाईंनी एक नवीन प्रथा घातली: ज्या घरचा खाऊ, त्या घरच्या मुलीने त्याचे नाव व कृती मराठीत कागदावर लिहून आणावी. पहिल्या आठवड्यात सगळीकडे ‘पुरनपोली’ होती. कोजागिरीपर्यंत ‘पुरणपोळी’ झाली.

घरात एवढे होते. शाळेत काय व्हावे? संविधानाच्या ३५०-अ या कलमाने, जे १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीने आले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने प्रयत्नशील राहावे असे सांगितले आहे. प्रयत्नशील हा शब्द ढिला आहे, हे कोणीही ओळखील. पण त्याआधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक नेमका दंडक घातला होता: एका वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांच्या अहवालांतून हा दंडक पुढे वारंवार आला आहे. दूरच्या मॉरिशसमध्ये, जेथे मराठी माणसे एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेली, तेथील मुले सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेऊ शकतात. नागपूरपासून दोन तासांच्या वाटेवर तो मिळावा, अशी अपेक्षा करणे फार झाले असे आम्हांस वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. पेढे संपल्यावर सूनबाईंनी कागद काढला.

त्या कागदावर पहिलीच्या वर्गातल्या मराठी मुलांची नावे आणि पालकांच्या सह्या आहेत. मागणी लहानशी आहे: माध्यम हिंदीच राहो, पण आठवड्यातून काही तास मराठी वाचन-लेखनाचे असावेत व त्यासाठी शिक्षक मिळावा. दहा सह्या सहज होतील असे वाटले होते; तितके सोपे नाही. एक गृहस्थ म्हणाले, मुलाला पुढे भोपाळकडे नोकरी करायची, मराठीचा उपयोग काय? दुसऱ्यांना भीती वाटते की, मराठीचा अर्ज केला तर आपण परके ठरू. ज्यांची शेती चार पिढ्यांपासून येथे आहे त्यांनी असे म्हणावे! तिसऱ्या घरी मात्र गंमत झाली. वडील नको म्हणाले, आणि आत बसलेल्या म्हाताऱ्या आजी काठी टेकीत बाहेर आल्या. त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या आईच्या हातची पत्रे आहेत. ती वाचून दाखवणारे आता घरात कोणी उरले नाही. डोळे गेल्यापासून त्यांनी ती ऐकलेली नाहीत. अंगठ्याने नको, सहीच करते, असे म्हणून त्यांनी थरथरत्या हाताने मराठीत नाव लिहिले. पालक म्हणून ते चालणार नाही हे सूनबाईंनी नम्रपणे सांगितले, तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिले, आणि त्यांच्या नावाखाली मुलाने सही केली.

आजवर सात सह्या झाल्या आहेत. मुख्याध्यापकांनी शाळेचे पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी अर्ज देण्यास सांगितले आहे. रविवारी सूनबाई उरलेल्या पाच घरी जाणार आहेत, आणि त्या आजींची पत्रे वाचून दाखवण्यासाठी नातीला दुपारी तेथे बसवून येणार आहेत.