कोब्याखालची ओल
करी रोड स्टेशनच्या पुलावरून गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आधी दिसतात. पण या गिरणगावात लेथ, ड्रिल, प्रेस चालवणारे लहान गाळे अजून आहेत. त्यांतल्या कोब्यावर कूलंट सांडतं, ट्रॉलीची लोखंडी चाकं फिरतात, जड जॉब हातातून निसटतो. आधी पोपडे, मग खड्डे. वजन उचलून चालणाऱ्या कामगाराचा पाय मुरगळतो तो अशाच खड्ड्यात.

यावर उपाय म्हणून इपॉक्सीचा थर सुचवतात, आणि तो चांगलाच आहे. फसतं ते घाईने. जुना कोबा झाडून वर थर ओतला की पहिल्याच पावसाळ्यात फुगे येतात. याचं मूळ इथल्या जमिनीत आहे. हॉर्नबी वेलार्डचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला, त्याआधी वरळीकडून भरतीचं पाणी या सखल पट्ट्यात शिरायचं. पावसाळ्यात इथली जमीन आजही ओल धरते. ती ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढते, वरचा थर तिला वाट देत नाही, आणि थर सुटतो.

म्हणून माझा आग्रह पूर्वतयारीचा आहे, जाड थराचा नंतर. हातभर लांब-रुंद प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवावं. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर थांबावं. घासून साफ केल्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मुरला नाही, गोळा होऊन राहिला, तर तेल अजून आत आहे. ग्राइंडिंग व्हॅक्यूम लावूनच करावं आणि कामगाराच्या तोंडावर धुळीचा योग्य मास्क हवाच. त्या धुळीत सिलिका असते, आणि सिलिकोसिसने निकामी झालेलं फुफ्फुस पुन्हा बरं होत नाही.

इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, ठरल्या प्रमाणातच मिसळावेत. मिश्रण तापतं, बादलीत राहिलं तर लवकर घट्ट होतं, म्हणून लगेच पसरावं लागतं. खड्डे क्वार्ट्‌झ वाळू मिसळलेल्या रेझिनने आधी भरावेत. तेल गळणाऱ्या मशीनभोवती वरच्या थरावरही वाळू पेरावी, म्हणजे पाय घसरत नाही. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश जास्त हवं, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो. मुंबईत हे दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर साधतं.

पूर्ण ताकद यायला साधारण 7 दिवस लागतात. एवढे दिवस सगळी मशीनं बंद ठेवणं छोट्या मालकाला परवडत नाही, ऑर्डर हातची जाते. अशा वेळी मध्ये ताडपत्री ताणून आधी अर्ध्या गाळ्याचं काम करावं, आणि ते नीट वाळलं की मशीनं तिकडे सरकवून उरलेल्या अर्ध्याला हात घालावा.